स्लॅबखालची दुसरी खुर्ची

फोन आला तेव्हा मी आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होते. बुधवारचा खण भरून झाला होता, गुरुवारचा व्हायचा होता. कवठे महांकाळहून शमशाद बोलत होती, दस्तगीर मिस्त्रींची मुलगी. "बाई, अब्बा गेले. पहाटं, झोपेतच." दफन कधी, आई कशी आहे, जवळ कोण आहे, असं विचारायचं ते सगळं मी रीतसर विचारलं. फोन ठेवला, आणि मनात पहिला विचार आला तो त्या माणसाचा नव्हता. आता तो खांब कोण वाजवणार... हा तो विचार होता. याला तीन महिने झाले, तरी त्याची लाज गेलेली नाही. ईशा, ओंकार, कडेगावच्या इमारतीचा विषय निघाला की आजी गप्प का होते, असं तुम्ही मेलबर्नहून दर फोनला विचारता. त्याचं उत्तर इथे लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीचे वाचकही ते वाचतील, आणि ते बरंच आहे. कारण त्या इमारतीत रोज माणसं वावरतात, आणि त्यांच्यापासून मी नऊ वर्षं एक गोष्ट लपवून ठेवली.

इमारत तुमच्या आजोबांच्या मनातली. खाली रस्त्याकडे तोंड करून सहा गाळे, वर शिकवणीच्या वर्गांसाठी दालन. स्वतः इंजिनिअर असल्यामुळे नकाशा त्यांनीच काढला, पाया उभा राहून भरून घेतला, आणि त्यानंतर महिन्याभरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढचं काँक्रीटचं काम, म्हणजे खांब आणि वरचा स्लॅब, कुणाला द्यायचं हे ठरवण्याची पाळी माझ्यावर आली. मी आयुष्यभर साताऱ्यात इंग्रजी शिकवलेली बाई. काँक्रीटमधलं मला काही कळत नव्हतं, पण निवड कशी करायची हे कळतं असं मला वाटत होतं. मी तक्ता केला. डावीकडे तीन नावं, वर रकाने : नोंदणी, विमा, यंत्रं, आधीची कामं, कामगारांची संख्या, मुदत. आपण नीट रेघा ओढल्या की जग त्या रेघांत बसतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

सांगलीच्या एका कंपनीचा माणूस आधी आला. छापील कागद, फोटोंचा अल्बम, प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर. त्याची ओळ भराभर बरोबरच्या खुणांनी भरली. दुसऱ्याने मुदतच फार मागितली, त्यामुळे तो मागे पडला. तिसरे दस्तगीर मिस्त्री. पांढरी टोपी, मोजून दोन बोटं दाढी, हातात एक छोटी हातोडी. कागद एकही नाही. त्यांच्याबरोबर आटपाडीचा बिरू होता, स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावायचं काम करणारा. मिस्त्रींनी माझा एकही रकाना भरू दिला नाही. उलट त्यांनीच विचारलं, "बाई, पाणी कुटलं वापरणार?" प्लॉटवर बोअर आहे, भरपूर पाणी आहे, असं मी सांगितलं. त्यांनी बोअरचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात धरलं आणि बाजूला थुंकले.

"ह्याचा चा करून बघा. ज्या पाण्यात दूध नासतं, त्यात सिमीट कालवायचं नसतं, बाई."

बिरू हसून म्हणाला, "मिस्त्री जिथं जात्यात तिथं चाचं बोलत्यात. घरी कोन देत न्हाई वाटतं." मलाही हसू आलं, पण मनातून मला तो प्रकार आगाऊपणाचा वाटला. पाण्याचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच. तो मी नंतर वाढवला, सांगलीवाल्यांना फोन केला, आणि त्यांनी लगेच लिहून दिलं की गोड्या पाण्याचा टँकर येईल. लिहून दिलं म्हणजे ती काळजी मिटली, असं मी धरलं.

त्या संध्याकाळी मी तक्ता आजोबांच्या पलंगापाशी नेला. त्यांचा डावा हात चालत होता. त्यांनी तर्जनी उचलली आणि तिसऱ्या ओळीवर टेकवली. बोट थरथरत होतं. मी ते अलगद धरलं, पहिल्या ओळीवर ठेवलं आणि म्हटलं, "इथेच ना?" त्यांनी डोळे मिटून घेतले. मी होकार समजले. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, की उत्तर आधी ऐकावं, मग तपासावं. घरात मात्र मी उत्तराचं बोट धरून ते मला हवं तिथे नेऊन ठेवलं. पुढे आजोबा गेले, आणि ते डोळे का मिटले होते हे विचारायची सोयच उरली नाही.

खांबांचं काम सुरू झालं. टँकर रोज येत होता, मी वहीत खूण करत होते. शेवटच्या चार खांबांच्या दिवशी तो आला नाही. मी तिथे नव्हते, दवाखान्यात होते. कामगारांनी बोअर चालू केला. काँक्रीट ओतताना ते दाबून बसवणारं यंत्रही त्या दिवशी बंद होतं, असं मागाहून समजलं. साचे सुटले तेव्हा खांबांवर घाईने सिमेंट चोपडलेलं होतं. एका ठिकाणी ते निसटलं होतं आणि आत मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसत होती, भोकांतून सळई. त्या दुपारी समोरच्या टपरीवरून मी साध्या दुधाचा कप मागवला आणि बोअरच्या पाण्यात साइटवरच चहा उकळला. दूध घातल्याबरोबर त्याच्या चिंध्या झाल्या. तो कप मी मातीत ओतून टाकला.

ज्याला नाकारलं त्यालाच फोन करायचा होता. दस्तगीर मिस्त्री दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने आले. आधी का नाही ऐकलं, असं एका शब्दानेही म्हणाले नाहीत. टोमणा मारला तो बिरूने : "बाईंनी चा केला वाटतं." मिस्त्रींनी त्याला गप्प केलं आणि हातोडी घेऊन एकेका खांबाशी गेले. खांबाला गाल लावल्यासारखे उभे राहायचे, हातोडी टेकवल्यासारखी मारायची, ऐकायचं, अर्धा फूट वर जायचं. चांगला खांब, ते म्हणायचे, खणखणीत बोलतो. आतून पोकळ असला की आवाज गिळतो. चार खांबांवर त्यांनी गेरूने फुल्या मारल्या. सांगलीवाल्यांचं काम मी त्याच आठवड्यात बंद केलं.

तीन खांब फोडले आणि नव्याने ओतले. चौथा जिन्याच्या कोपऱ्यातला. जिना त्याला जोडून आधीच झाला होता, म्हणजे खांब पाडायचा तर जिनाही पाडायचा. महिना-दीड महिना जाणार होता, आणि वरचं दालन जूनमध्ये द्यायचा शब्द मी वर्ग चालवणाऱ्या सरांना दिला होता. शब्द पाळण्याचा मला फार अभिमान. मी मिस्त्रींना विचारलं, भोकं भरून भागणार नाही का? त्यांनी एका भोकात बोट घालून आतली सळई चाचपली.

"भरून देतो. आज भार पेलंल, त्यात शंका न्हाई. पण पानी खारं हाय. आत लोखंड गंजाया लागलं तर वरनं दिसत न्हाई, आन् एका सालात बी व्हत न्हाई. मी म्हंतो पाडा. फुडं तुमी मालक."

मी म्हटलं, भरा.

त्यांनी मान हलवली. एकच अट घातली, की दर साल पावसाळा सरला की ते येणार, हा खांब वाजवणार, आणि ज्या दिवशी ते म्हणतील त्या दिवशी वरचा मजला रिकामा करायचा. मी हो म्हटलं. चूक माझी होती आणि तिची राखण त्यांनी पत्करली, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

स्लॅबचं काम अर्थात त्यांनीच केलं. खाऱ्या पाण्याचा एक थेंब वापरला नाही. वर मातीचे बांध घालून एकवीस दिवस पाणी साठवून ठेवलं आणि मी कितीही मागे लागले तरी टेकूंना हात लावू दिला नाही. बाविसाव्या दिवशी टेकू काढायचे होते. मिस्त्रींची एक रीत होती, ती मला ठाऊक नव्हती. ज्याने स्लॅब ओतला त्याने टेकू निघताना खाली बसायचं आणि चहा प्यायचा. समोरच्या सलूनमधून त्यांनी दोन लोखंडी खुर्च्या आणवल्या आणि नेमक्या त्या जिन्याच्या खांबाशेजारी मांडल्या. एकीवर ते बसले. "या बाई," म्हणाले, "काम देनाऱ्याची बी खुर्ची असती." बिरू तिकडून टेकूवर घण मारता मारता ओरडला, "लवकर प्या रं मिस्त्री, न्हाईतर वरचं झाकान कपात पडंल."

सगळे हसले. मी रस्ता ओलांडून पलीकडे, एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. तिथून दिसत होतं, एकामागून एक टेकू पडतायत, धूळ उडतेय, आणि पांढऱ्या टोपीचा एक माणूस बशीतून चहा पितोय. शेजारची खुर्ची रिकामी. शेवटचा टेकू पडला तेव्हा लाकूड कुरकुरल्याचा मोठा आवाज झाला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते कप विसळत होते. मी का आले नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

नऊ वर्षं ते येत राहिले. दिवाळीच्या आधी, कवठे महांकाळहून पहिल्या गाडीने. मी साताऱ्याहून जायचे. वर मुलांचे आवाज चालू असायचे, बाकं सरकायची, कुणीतरी उड्या मारायचं, आणि प्रत्येक उडीला माझा हात नकळत जिन्याच्या कठड्यावर जायचा. ते खालपासून वरपर्यंत खांब वाजवायचे. तेवढा वेळ मी त्यांचा चेहरा बघायचे. मग म्हणायचे, "बोलतोय अजून." मी वर्षभरासाठी सुटायचे. पण खरं सांगते, सुटका आठवडाभरही टिकायची नाही. साताऱ्यात घरी ताटलीचा आवाज झाला तरी मी दचकायचे. गेल्या वर्षी त्यांनी एका जागी तीनदा हातोडी मारली होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काय न्हाई. कान म्हातारं झालं, बाई." मग बाहेर येऊन चहा न घेताच उभे राहिले, आणि निघताना इतकंच म्हणाले, की फुडल्या साली शमशादला संगं आनतो, तिचे कान चांगले आहेत. ते पुढचं साल आलंच नाही.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी कवठे महांकाळला गेले. शमशादने आत बसवलं, आईजवळ. मग फडक्यात गुंडाळलेली हातोडी आणून माझ्या हातात दिली. अब्बांनी सांगून ठेवलं होतं म्हणाली. मी तिला विचारलं, गेल्या वर्षी घरी येऊन काही बोलले होते का? "बोलले. म्हणाले, जिन्याचा खांब आवाज गिळायला लागलाय का माझे कान, तेच कळंना. झोप येत नव्हती त्यांना. बाईंना उगं भ्या घालायचं का, म्हणाले, एकदा अजून ऐकतो आन् मग सांगतो."

परतताना मी कडेगावला उतरले. शाळा सुटायच्या आधीची वेळ, वर कुणी नव्हतं. मी हातोडी काढली आणि खांबावर मारली. मग दुसऱ्या खांबावर. मग पुन्हा त्या खांबावर. शेवटच्या बाकावरच्या मुलाने एक उच्चार चुकवला तरी ओळखणारे माझे कान... सगळे खांब मला सारखेच ऐकू आले. तिथे उभी असताना मला जेवढी भीती वाटली तेवढी आजोबांच्या आजारपणातही वाटली नव्हती. काहीच कळत नाही, आणि तासाभरात वर मुलं येणार.

मी जिन्यातच बसून राहिले. सर आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं : टँकर, बोअर, जूनचा शब्द, सगळं. ते पांढरेफटक पडले, मग रागावले, आणि त्यांचा राग योग्य होता. त्या दिवशी वर्ग भरले नाहीत. आता ते तालमीजवळच्या सभागृहात भरतात. खालचे दोन गाळेही रिकामे केले. गाळेवाल्यांनी मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. तपासणीला आलेल्या इंजिनिअरने खांबाचा एक कोपरा फोडला. आतली सळई बोटाने चोळली तर पापुद्रे निघत होते. मिस्त्रींचे कान म्हातारे झाले नव्हते.

खांब पाडून नवा ओतायचं ठरलं, चौफेर जॅक लावून, वरचा भार पेलून. पुन्हा ठेकेदार निवडायचा होता. मी पुन्हा तक्ता केला. सवय जात नाही, आणि कागद वाईट असतात असं मी अजूनही म्हणणार नाही. पण यावेळी पहिले दोन रकाने नवे होते. पाणी कुठलं, आणि टेकू काढताना तुम्ही कुठे असणार. पहिला म्हणाला, तेव्हा माझी माणसं असतात. दुसरा हसला. तिसरा विट्याचा, वयाने तुमच्या बाबांएवढा. त्याने बोअरचं पाणी चाखलं, टँकर लागेल म्हणाला. टेकू निघताना खाली बसाल का, असं मी विचारलं. "बसेन की, आजी. पण मग तुम्ही?"

काम त्याला दिलं. टँकरच्या पाण्याचा चहा मी स्वतः दोनदा करून पाहिला. खांब ओतला त्या दिवशी शमशाद आली होती. साचे सुटल्यावर तिने हातोडी मारली, तिच्या अब्बांसारखाच गाल लावून ऐकलं. मग म्हणाली, "बोलतोय."

टेकू आणि जॅक येत्या सोमवारी निघतील. ओंकार, तू परवा फोनवर म्हणालास, आजी, तू तिकडे जाऊ नकोस, फोटो मागव. ईशा रडली. तुम्हाला भीती वाटते, मलाही वाटते. पण या वेळी माझं बोट धरून कुणी दुसऱ्या ओळीवर ठेवायला नको आहे. बिरूला काल फोन केला. जॅक काढायला तोच आहे, म्हातारा झालाय, तरी जीभ तशीच. मी म्हटलं, सलूनमधून खुर्च्या आणून ठेव. तो म्हणाला, "किती, बाई? एक का दोन?"

मी म्हटलं, दोन.