सायकलींची शर्यत आणि कर्णिकांची यादी

श्यामकांत कर्णिकांना कुत्री आवडत नसत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यावरून मुलुंडातल्या बऱ्याच लोकांनी त्यांना प्राणिमित्र ठरवून टाकलं. तसं काही नव्हतं. उलट एक्क्याऐंशी साली पिठाच्या गिरणीमागच्या एका तांबूस कुत्रीने त्यांच्या पोटरीचा लचका तोडला होता आणि त्यापायी बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. त्या चौदा दिवसांची हकिगत ते आल्यागेल्याला सांगत, आणि शेवटी न चुकता म्हणत, "तसा तिचा दोष नाही. मी तिच्या वाटेत होतो."

त्यांना आवडत ते कागद. एका औषध कंपनीच्या आवक-जावक विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. टपाल फोडायचं, शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, मग पत्राला टाचणीने जे काही जोडलेलं असेल ते सोडवून ज्याचं त्याला पाठवायचं. पत्र साहेबांकडे, जोडपत्र ज्या खात्याचं काम असेल त्या खात्याकडे. साहेबांना जोडपत्र वाचायला सवड नसते आणि खात्याला पत्र वाचायची गरज नसते, हा नियम त्यांनीच बसवला होता. निरोपसमारंभात साहेबांनी त्याचा खास उल्लेख केला, तेव्हा कर्णिकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

निवृत्तीनंतर हा माणूस गल्लीसाठी अर्ज लिहू लागला. दिव्यासाठी एक, गटाराच्या झाकणासाठी तीन, टपालपेटी उन्हातून सावलीत हलवावी म्हणून एक. यातली टपालपेटी खरोखरच हलली. सात महिने लागले, पण हलली. या एका यशावर कर्णिकांची शासनव्यवस्थेवरची श्रद्धा पुढे कित्येक वर्षं टिकून राहिली.

कुत्र्यांशी संबंध आला तो दुधामुळे. पहाटे साडेपाचला कर्णिक तारेच्या टोपलीत रिकाम्या बाटल्या घेऊन दूध केंद्रावर जायला निघाले की एक काळापांढरा कुत्रा जिन्याखालून उठे आणि त्यांच्यासोबत चालू लागे. केंद्रावर पोचल्यावर तो रांगेच्या कडेला बसून सगळ्यांवर नजर ठेवी. कुणी मधे घुसलं की भुंके. त्यावरून रांगेतल्या लोकांनी त्याला 'मुकादम' नाव ठेवलं. कर्णिकांनी त्याला कधी हात लावला नाही, कधी बिस्कीट घातलं नाही. पण मुलगी शुभा लग्न होऊन नाशिकला गेल्यापासून सकाळी त्यांच्याबरोबर चालणारं दुसरं कुणी नव्हतं.

शहाऐंशीच्या डिसेंबरात आठ देशांची सायकल शर्यत ठाण्याच्या बाजूने येऊन मुलुंडातून घाटकोपरकडे जाणार असं जाहीर झालं, आणि रस्त्याचं नशीबच उघडलं. दहा वर्षांचे खड्डे चार दिवसांत बुजले. कडेच्या दगडांना काळापांढरा रंग लागला. केळेवाल्यांना पंधरा दिवस गावाला जाऊन यायला सांगण्यात आलं. गल्ली खूश होती. मग बातमी आली की शर्यतीच्या वाटेवरची मोकाट कुत्री पालिका उचलणार. सायकल दिसली की कुत्रं धावतं, परदेशी माणूस पडला तर देशाची अब्रू जाते, असं कारण होतं. उचललेली कुत्री परत येत नाहीत हे कुणी सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना माहीत होतं.

कर्णिकांनी त्याच दिवशी फुलस्केप कागद आणि कार्बन बाहेर काढले.

"ज्या जातीने चौदा सुया टोचायला लावल्या, तिच्यासाठी अर्ज?" वसुधाबाई म्हणाल्या. त्या कर्णिकांच्या पत्नी. निवृत्तीपासूनचा प्रत्येक अर्ज आधी त्यांना ऐकावा लागे.

"जातीसाठी नाही. वर्तणूक चांगली असलेल्यांसाठी."

"म्हणजे मुकादमासाठी."

"अर्ज एकासाठी केला तर तो पक्षपात होतो," कर्णिक म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

गुणाजीचं मत वेगळं होतं. गुणाजी इमारतीचा रखवालदार. मूळ मालवणकडचा, परळच्या कापडगिरणीत सांचे चालवून ब्याऐंशीच्या संपात रस्त्यावर आलेला. कर्णिक खाली टिपणवही घेऊन उभे दिसले तसा तो स्टुलावरून उठला.

"सायबानू, कागद कित्याक लिवतात? कुत्र्यांका काय वाचूक येता?"

"कुत्र्यांसाठी नाही रे. खात्यासाठी लिहितोय."

"खात्याक तरी येता काय?" गुणाजीने विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माजो मेवणो मिठागरातसून टेंपो घेवन येता. शर्यतीच्या आदल्या बुधवारी ह्यांका थंय न्हेवन सोडूया. चार दिवस खाडीचे निवटे मासे खातीत. शर्यत झाली की परत हाडूया. कोणाक कळूचा नाय."

"म्हणजे लपवायचं? ती काय चोर आहेत? त्यांचा इथे राहण्याचा हक्क मांडायचा आहे आपल्याला. रीतसर."

"आमीय मांडललो. संपात. अडीच हजार सयो होत्यो कागदार."

"मग? काय झालं त्याचं?"

"मगे काय? आता हय तुमची पाण्याची मोटर चालू करतंय."

अडीच हजार सह्यांच्या कागदाला परिशिष्ट नसणार, एवढंच कर्णिकांच्या मनात आलं.

परिशिष्टासाठी, म्हणजे अर्जाला जोडायच्या कुत्र्यांच्या यादीसाठी, ते नऊ दिवस गल्लीबोळांतून हिंडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुत्र्यांकडे नीट पाहिलं. रेशनच्या दुकानाच्या फळीखाली झोपणारा पांढरा राजाराम. शाळेच्या मधल्या सुट्टीला बरोबर फाटकाशी येणारी लंगडी शेवंता. देवळाच्या पायरीवर दुपारभर पडणारी दोन भावंडं, जी आरतीच्या घंटेला उठून बाजूला होत. घरी येऊन ते वसुधाबाईंना सांगत, "शेवंता माणसांपेक्षा वेळेची पक्की आहे." वसुधाबाई म्हणत, "बरं." पण तिसऱ्या दिवसापासून त्यांनी पोळ्यांची कणीक थोडी जास्त भिजवायला सुरुवात केली.

अशी अकरा कुत्री झाली. बारावी ती तांबूस कुत्री, पिठाच्या गिरणीमागची. तिला नाव नव्हतं. ती कुणाच्या जवळ जात नसे, कुणाला जवळ येऊ देत नसे. कर्णिक दोन संध्याकाळी तिच्याविषयी विचार करत बसले. शेवटी त्यांनी तिला वगळलं. ज्या प्राण्याने आपल्याला चावा घेतला त्याच्यापुढे 'निरुपद्रवी' लिहून खाली सही करणं त्यांना जमेना. मनाला लागलं, पण खोटं कसं लिहायचं?

परिशिष्ट 'अ'ला सात रकाने होते. नाव. वर्ण. खूण. ठिकाण. हमखास सापडण्याची वेळ. म्हणजे खात्याला खातरजमा करायची झाल्यास त्यांची खेप फुकट जाऊ नये. स्वभाव. आणि शेवटचा रकाना, मालक. तिथे अकराही जणांपुढे त्यांनी प्रामाणिकपणे 'कोणी नाही' असं लिहिलं. मुकादमाच्या ओळीत होतं: 'काळापांढरा, डावा कान चिरलेला, दूध केंद्र, सकाळी पावणेसहा, माणसाला भीत नाही, जिभेने चुचकारल्यास लगेच जवळ येतो, कोणी नाही.'

सोमवारी पालिकेच्या ऑफिसात अर्ज दिला. पोच म्हणून कार्बन प्रतीवर गोल शिक्का मिळाला. कर्णिक तो शिक्का वाळेपर्यंत कागद आडवा धरून चालत घरी आले.

बुधवारी टेंपो आला. गुणाजीने सुतळी आणि दोन गोण्या काढून ठेवल्या होत्या. कर्णिक जिना उतरून आले आणि म्हणाले, "गुणाजी, नको. अर्ज विचाराधीन असताना आपण परस्पर काही करणं बरोबर दिसणार नाही. उद्या कुणी पाहणीला आलं आणि कुत्री जागेवर नसली तर आपलं परिशिष्ट खोटं ठरेल."

"सायबानू, परत एकदा इचार करा."

"केलाय."

गुणाजीने मेव्हण्याकडे पाहिलं, मेव्हण्याने कर्णिकांकडे पाहिलं. टेंपो रिकामाच गेला. एवढा शिकलेला माणूस म्हणतो तर त्यात काहीतरी असेल, असं गुणाजीला वाटलं. हे त्याने पुढे एकदाच बोलून दाखवलं.

शुक्रवारी कर्णिक नेहमीप्रमाणे दूध केंद्रावर पोचले तेव्हा जाळीची गाडी आधीच येऊन उभी होती. आतून आवाज येत होते. त्यातला एक राजारामाचा होता, हे कर्णिकांना ऐकताक्षणी कळलं. महिन्यापूर्वी कळलं नसतं. खाकी कपड्यातला एक पन्नाशीचा माणूस हातात कागद घेऊन रांगेजवळ उभा होता.

"कर्णिकसाहेब कोण?"

"मी."

"नमस्कार साहेब. मी खंडू. ही यादी तुमचीच ना?" त्याने अदबीने कागद पुढे केला. "अठरा वर्षं गाडीवर आहे मी. इतकं चोख काम कुणी हातात दिलं नाही. नाहीतर एकेका कुत्र्यामागे आमची वाट लागते. आज बघा, अजून उजाडलं नाही आणि पाच कुत्री झाली. जिथे लिहिलंय तिथेच सापडतात. झकास यादी!"

"अहो, ती यादी त्यांना पकडू नये म्हणून आहे!"

खंडूने कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "असं कुठे लिहिलंय?"

"अर्जात लिहिलंय. चार परिच्छेद लिहिलेत."

"अर्ज वर असेल, साहेबांकडे. आमच्याकडे एवढंच आलं. जोडलेलं."

कर्णिकांनी कागद हातात घेतला. डाव्या कोपऱ्यात टाचणीची दोन बारीक भोकं होती. टाचणी सरळ ओढून काढलेली होती. कागद जरासुद्धा फाटला नव्हता. काढणाऱ्याला काम येत होतं. कर्णिकांना त्याच्यावर रागावता येईना. त्याच्या जागी असते तर त्यांनीही अगदी हेच केलं असतं, एकतीस वर्षं केलं होतं.

मुकादम त्यांच्या पायांशी बसून रांगेकडे बघत होता.

"हा माझा आहे," कर्णिक म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. रांगेतली माणसं वळली.

खंडूला वाईट वाटलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने कागद परत घेऊन शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "साहेब, मालक, कोणी नाही. खाली तुमची सही आहे."

"मी दुरुस्ती करतो. पेन आहे माझ्याकडे."

"दुरुस्ती ऑफिसात होते. साडेदहाला उघडतं."

"तोवर थांबा ना!"

"पुढची भांडुपची आहेत साहेब. तिकडे तर यादीपण नाही."

कर्णिक बाटल्यांची टोपली छातीशी धरून गाडी आणि कुत्रा यांच्या मधे उभे राहिले. याहून जास्त काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काका, बाजूला व्हा ना यार, दूध आलंय." खंडूने कागदावर बोट फिरवत सहावा रकाना वाचला, वाकला, आणि जिभेने दोनदा चुचकारलं.

मुकादम शेपटी हलवत कर्णिकांना वळसा घालून त्याच्याकडे गेला.

शेवंतेला शाळेच्या मधल्या सुट्टीत नेलं. कर्णिक त्याआधी तिथे पोचले होते. दगड मारून तिला पळवून लावायचं, असं ठरवून गेले होते. पण ती त्यांना ओळखून जवळ आली, आणि हातातला दगड कसा मारतात हे त्यांना आठवेना. साडेदहाला ऑफिसातही जाऊन आले होते. दुरुस्तीसाठी नवा अर्ज करावा लागेल, असं तिथल्या माणसाने नम्रपणे सांगितलं होतं.

रविवारी शर्यत झाली. दोन तास लोक उन्हात उभे होते. मग रंगीबेरंगी सदऱ्यांचा एक पुंजका सरसर आवाज करत आला आणि चार मिनिटांत मुलुंड ओलांडून गेला. मधेच पिठाच्या गिरणीमागून ती तांबूस कुत्री सुटली आणि शेवटच्या दोघांच्या मागे पेट्रोल पंपापर्यंत जीव तोडून धावली. एका परदेशी पोराने हसत मागे वळून पाहिलं. पडलं कुणीच नाही. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. गल्लीच्या मते सगळ्या शर्यतीत बघण्यासारखं तेवढंच होतं.

"ही कशी रवली?" गुणाजीने विचारलं.

"यादीत नव्हती," कर्णिक म्हणाले.

तेव्हा गुणाजी बोलला. "तुमी शिकलेले म्हणान मी टेंपो परत धाडलंय." एवढंच. मग तो पाण्याची मोटर लावायला गेला.

जानेवारीत खाकी लिफाफा आला. वसुधाबाईंनीच तो फोडून वाचून दाखवला. 'आपला अर्ज या कार्यालयास प्राप्त झाला असून त्यातील विनंती विचाराधीन आहे. तथापि अर्जात उल्लेखिलेले परिशिष्ट "अ" सोबत आढळून आले नाही. तरी ते सात दिवसांचे आत सादर करावे, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल.'

"पाठवणार?" वसुधाबाईंनी विचारलं. कार्बन प्रत खणात होती, शिक्क्यासकट.

कर्णिकांनी खण उघडला, प्रतीवरचा शिक्का पाहिला आणि खण लावून टाकला. त्यानंतर त्यांनी कसलाही अर्ज लिहिला नाही. गटाराच्या झाकणाचा चौथा अर्ज लिहून द्या म्हणून लोक आले, तेव्हा हात दुखतो म्हणाले.

फेब्रुवारीच्या एका पहाटे ते बाटल्या घेऊन निघाले तेव्हा ती तांबूस कुत्री त्यांच्या मागे येताना दिसली. वीसेक पावलांवर होती. दुसऱ्या दिवशी पंधरा पावलांवर. तिसऱ्या दिवशी कर्णिक थांबले, टोपली खाली ठेवली, वाकून एक खडा उचलला आणि तिच्या पुढ्यात जमिनीवर जोरात आपटला. "हाड्! चल, हाड्!" ती गुरगुरत मागे सरली आणि भिंतीच्या कडेने निघून गेली.

स्टुलावरून गुणाजी बघत होता. "सायबानू, ती काय करता तुमका? येवंदे बिचारी."

"नको," कर्णिक म्हणाले. "माणसांची सवय लागेल तिला."

आता रोज घरून निघतानाच ते एक खडा खिशात टाकतात. वसुधाबाई कपडे धुवायला घेताना तो काढून खिडकीत ठेवतात, आणि सकाळी कर्णिक तोच उचलून घेऊन जातात.