कुंकू लावलेला कीबोर्ड

खंडेनवमीला, म्हणजे बंगळुरात ज्याला सगळे आयुधपूजा म्हणतात त्या दिवशी, आईच्या तावडीतून काहीही सुटत नसे. विळी, मिक्सर, थोरल्या भावाची स्कूटर आणि नव्वदच्या दशकात घरात आलेला माझा सेकंडहँड कंप्यूटर. मल्लेश्वरमच्या घरी बसून मी विद्यार्थ्यांचे प्रबंध टाईप करून देत असे. आई कीबोर्डवर फुलानं पाणी शिंपडायची, हळद-कुंकू लावायची, वर मूठभर अक्षता. दुसऱ्या दिवशी मी तो उलटा करून ठोकायची, तांदूळ पडायचे आणि काम सुरू. जड होता, खडखड वाजायचा, पण गडी कधी कुरकुरला नाही.

भावाला, म्हणजे अण्णाला, त्या खडखडीचा राग. इंदिरानगरच्या त्याच्या हापिसात म्हणे कीबोर्ड वाजतच नाहीत. एका दसऱ्याआधी त्यानं तिथल्यासारखाच गुळगुळीत, हलका कीबोर्ड आणला आणि जुना मला न विचारता मोडीत घातला.

आईनं नव्याची पूजा दुप्पट हौसेनं केली. दुसऱ्या दिवशी अर्धी अक्षरं उठेनात. दुकानदारानं कीबोर्ड उलटा करून दाखवला, स्क्रूच नव्हते. "रिपेरी आगल्ला अम्मा," म्हणाला. दुरुस्त होत नाही, नवाच घ्या. उघडताच येऊ नये अशी वस्तू करतातच कशाला, म्हणून मी त्याच्यावर डाफरले. तो बिचारा नुसता हसला.

आई मात्र मिटली. "माझ्या हातानं गेला," एवढंच म्हणाली. आम्ही परोपरीनं समजावलं. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, एवढंच म्हणायची आणि नजर चुकवायची. तिच्या हाताला यश आहे असं अख्खी गल्ली मानायची. शेजारच्या अक्कांनी नव्या शिलाई मशीनला कुंकू लावायला बोलावलं, तर डोकं दुखतंय सांगून घरीच बसली. मला फार वाईट वाटलं. त्या प्लास्टिकच्या तुकड्यानं माझ्या आईचा हात आखडावा, याचा संतापही आला.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास अण्णा हापिसातून आला तो काखेत कीबोर्ड घेऊन, तोंड एवढंसं करून. त्याच्या टेबलावरचा होता. एसीत राहिलेला, पाण्याचा थेंब न लागलेला, अक्षतेचा दाणा न पाहिलेला. तरी मेला होता. अण्णानं तो मुद्दाम आईला दाखवायला आणला होता, आता तरी तिला पटावं म्हणून.

आईनं तो हातात घेऊन मागूनपुढून नीट पाहिला.

"याची पूजा केली होती?"

"आमच्या हापिसात पूजा कोण करतंय, आई?"

"मग कसा टिकेल?" आई म्हणाली. "अरे, एकदा माझ्याकडे आणायचास तरी!"

अण्णा तोंड उघडणार, तोच मी त्याला चिमटा काढला. कितीतरी दिवसांनी आई हसत होती.