बाईंचं नख

शकुंतलाबाई उजव्या अंगठ्याचं नख कधी कापत नसत. भरतकामाच्या क्लासमध्ये आम्ही सुईपेक्षा त्या नखाला जास्त भ्यायचो.

सिडकोतल्या त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही सात-आठ जणी बसायचो. साखळी टाका, गाठीचा टाका त्या हसतखेळत शिकवायच्या. काउचिंग आलं की चेहरा बदलायचा. यात जरीचा जाड दोरा नक्षीप्रमाणे कापडावर नुसता ठेवायचा आणि बारीक दोऱ्याच्या आडव्या टाक्यांनी जागोजागी बांधायचा. काम पूर्ण झालं की बाई जरीखाली नख सारायच्या. बांधणी सैल असली तर सगळं ओढून काढायच्या. "मोबाइलवर बघून केलंस व्हय? मग मोबाइललाच दाखव," हे वर ऐकायला मिळे. तरी आम्ही जायचो, कारण तसा हात आम्ही दुसऱ्या कोणाचा पाहिला नव्हता.

वंदना गंगापूरहून जीपनं यायची. तिनं स्वतःच्या लग्नाच्या ब्लाउजवर मोर भरला होता. बाईंनी मोराच्या मानेखाली नख घातलं, आणि मानेपासून पिसाऱ्यापर्यंत दोरा निघून आला.

"बाई, रविवारी लग्न हाय माझं," वंदना म्हणाली.

"मग साधा घाल. मांडवात मोर गळाला तर सासू तुला नाय, मला हसंल."

वंदनानं लग्नात साधाच ब्लाउज घातला. क्लासला ती परत आली नाही. मला बाईंचा मनापासून राग आला होता.

पुढं साखरेच्या आजारानं बाईंची बोटं बधिर झाली. सुई टोचून रक्त आलं तरी त्यांना ते कापडावरच्या डागावरून कळायचं. त्यांनाच ते सहन होईना. खूप दिवस खपून त्यांनी एक मोर भरला आणि म्हणाल्या, "धरला तर क्लास चालू, सुटला तर बंद. माझ्या नखाला आता कायबी कळत नाय. तुम्ही लई मऊ, खोटं बोलताल. वंदनाला बोलवा."

वंदना आली, कडेवर पोर घेऊन. पोर तिनं माझ्याकडे दिलं. मोर दिसायला सुरेख होता. तिनं नख सारलं आणि मान सुटली. तेवढं पुरे होतं, पण ती थांबली नाही. पिसारा संपेपर्यंत ओढत राहिली. बाई शेवटपर्यंत बघत होत्या.

"हात नाय कचरला तुझा," त्या म्हणाल्या. "उद्यापासून इथं तू शिकव."

"नाय," वंदना म्हणाली. "मला तुमच्यासारखं नाय व्हायचं."

तिनं पोर घेतलं आणि गेली. सुटलेला दोरा बाईंच्या मांडीवर पडला होता. त्या तो चिमटीत धरायला बघायच्या आणि दर वेळी तो निसटायचा. आम्ही भोवती बसून होतो. उचलून द्यायची हिंमत कोणाची झाली नाही.