ओ निगेटिव्हची यादी
तालुक्याच्या रक्तपेढीत मी कॉम्प्युटर सांभाळत होते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी कोणाला न विचारता मी लिनक्सचा कर्नल, म्हणजे सगळी यंत्रणा हाकणारा गाभा, अपडेट केला आणि मशीन बंद करून घरी गेले.

सकाळी सुरू केलं तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि थांबली. नव्या कर्नलला डिस्कच सापडत नव्हती. बंद करून परत लावलं. तेच.

तेवढ्यात एक माणूस चिठ्ठी घेऊन धावत आला. बायकोचं बाळंतपण झालेलं, रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह. फ्रिजमध्ये एकच पिशवी होती. लॅबवाल्या काकांनी ती तपासायला घेतली.

"अजून एक तरी लागन. दात्यांची यादी काढ बरं."

यादी त्या मशीनमध्येच होती. कागदी रजिस्टर मीच बंद करायला लावलं होतं. मी "काढते" एवढंच बोलले.

तो माणूस खिडकीशी येऊन उभा राहिला. "ताई, काऊन चालू नाही होऊन राह्यलं?"

"होतंय. बसा तुम्ही."

"कसा बसू? रक्त देणाऱ्याचं गाव सांगा नुसतं, मी जातो त्याले आणाले."

मी मागच्या अंगणात जाऊन अकोल्याच्या मैत्रिणीला फोन लावला. ती हेच काम करायची. "जुना कर्नल असेल अजून. सुरू होताना शिफ्ट दाबून ठेव, मेन्यू येईल, त्यातला जुना निवड."

"आणि डेटा गेला असेल तर?"

"आधी करून तर बघ."

पहिल्यांदा शिफ्ट उशिरा दाबलं गेलं. दुसऱ्यांदा मेन्यू आला. जुना कर्नल निवडला. पडदा काळा झाला आणि तसाच राहिला. खिडकीतून त्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. मग लॉगिनची चौकट उमटली. यादीत उंद्री गावच्या एका मास्तरांचं नाव सापडलं, फोन केला, ते वर्ग सोडून मोटरसायकलवर आले.

बाई वाचली. जुन्या कर्नलांनी बूटची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींची, जागा भरून गेली होती, म्हणून नव्याची फाइल अर्धवट लिहिली गेली होती. ते साफ करून झाल्यावर मी काकांना सगळं खरं सांगितलं.

"सकाळीच काऊन नाही सांगितलं?" ते म्हणाले. "मास्तरचा नंबर मले पाठ आहे."

ते मशीन सुरू करण्यात मी अर्धा तास घालवला होता.