सुईनं दाखवलेलं लोखंड

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी यजमानांबरोबर कुक्षीकडच्या रानात तंबूत राहायला गेले. ते धार दरबारचे मोजणीदार. त्या भागात पूर्वी लोखंड गाळत असत, म्हणून खनिज अजून कुठं आहे ते शोधायचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

त्यांच्याजवळ एक काचेची गोल डबी होती. आत चुंबकाची सुई आडवी टांगलेली. खाली लोखंडाचा दगड असला की तिचं टोक जमिनीकडे झुके. रानात सरळ रेषा आखायच्या, त्यांवर दर वीस पावलांवर थांबायचं, सुई किती झुकली ते बघायचं आणि वहीत मांडायचं. चारच दिवसांत कारकून तापानं आडवा झाला आणि त्याला धारला पाठवावं लागलं.

"मी लिहिते की," मी म्हणाले. वडिलांनी मला लिहा-वाचायला शिकवलं होतं.

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "अंगावर लोखंड चालायचं नाही. किल्ल्यासुद्धा नकोत."

किल्ल्यांचा जुडगा तंबूत ठेवला. केसांतले आकडेही काढले. पहिल्याच वाऱ्यानं माझा खोपा सुटला. पदर दातांत धरून मी आकडे लिहीत होते आणि हे हसत होते. सासरी इतकी मोकळी मी कधी चालले नव्हते.

मी वही हाती घेतल्यापासून तिसऱ्या दिवशी एका टेकाडापाशी सुई एकदम खाली गेली. आनंदानं यांनी कुदळ मागवली. दुपारपर्यंत खणलं, तर निघाली नुसती काळी, भोकाभोकांची ढेकळं. हे खड्ड्याच्या काठावर बसूनच राहिले.

तेवढ्यात वाटेनं लाकडाची मोळी घेऊन एक म्हातारी लोहारीण आली. खड्ड्यात वाकून बघितलं आणि बोळकं पसरून हसली. "बई, यो तो म्हारा ससरा की भट्टी को मैल हे!"

म्हणजे आम्ही तिच्या सासऱ्याच्या भट्टीतली, लोखंड गाळून उरलेली मळी खणून काढली होती! तिच्यात राहिलेल्या लोखंडानंच सुई फसली होती. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "माँजी, भट्टी के लिए पत्थर कहाँ से लाते थे?"

तिनं ओढ्यापलीकडच्या खडकाकडे बोट केलं. हे म्हणाले, "आपल्या रेषा तिकडे जातच नाहीत."

"मग आणखी एक आखू या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा ओलांडला. पहिल्या तीन जागी सुई ढिम्म. चौथ्या जागी हलली, पाचव्या जागी आणखी झुकली, पुढच्या दोन्ही ठिकाणी तशीच. यांनी मागे थांबलेल्या मजुराकडून हातोडीनं खडकाचा कपचा काढून घेतला, हातोडी लांब ठेवायला लावली आणि कपचा सुईजवळ नेला. सुई त्याच्याकडे वळली. मोजणीदारसाहेब मोठमोठ्यानं हसायला लागले. मी सगळं विसरून टाळ्या वाजवल्या, आणि बरोबरचे मजूर मान फिरवून हसू दाबत राहिले.

दगडाचा पट्टा फार मोठा निघाला नाही. खाण काही झाली नाही. पण नकाशा आणि वही दरबारात गेली, तेव्हा वरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

"आमच्या घरातलं," हे म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी येऊन यांनी मला हे सांगितलं, तेही सासूबाईंच्या देखत. त्या सुपात डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पुढच्या हिवाळ्यातही जा हो. घर मी बघते."