पावडर कशातून द्यायची

२६ मार्च, गुरुवार. कंपनीला सुट्टी, म्हणून घोडीखालचा ओला भुसा काढायचं काम माझ्याकडे होतं. ती उठली नाही, तेव्हा मी तिच्या भोवतीनंच फावडं चालवलं. सांध्यांची पावडर सुरू करून सातवा आठवडा चालू होता. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, असं डब्यावर लिहिलं होतं आणि मी आठही पूर्ण होऊ देणार होते. पण फावड्याचा दांडा पाठीला लागला तरी तिनं मान उचलली नाही. मी हात धुतले आणि घोड्यांच्या डॉक्टरांना फोन केला.

घोडी माझ्या सासऱ्यांची, आबांची. आमच्या चाकणच्या बाजूला शर्यतीत बैलगाड्यापुढे घोडी पळते. तिच्यावर स्वार असतो, ती सुटली की बैल तिच्यामागे घाट, म्हणजे शर्यतीची चढाची धाव, चढतात. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा बैल विकले, घोडी राहिली. आता ती वीस वर्षांची होती. तिला देऊन टाका, असं मी आबांना कधी म्हटलं नाही. सकाळी उठायला त्यांना दुसरं कारण नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी ती पुढचे पाय आखडून चालायला लागली. "वात धरलाय," आबा म्हणाले. आमच्याकडे माणसाचा गुडघा असो की बैलाचा खांदा, आखडला की वात. मीही तेच धरून चालले. जिना उतरताना माझे स्वतःचे गुडघे कुरकुरतात, तिचेही तसेच असणार.

पावडर मात्र मी नीट निवडली. सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी आलेला माल तपासते. लेबलवर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. चाकणमधल्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात तीन डबे काढायला लावले. पहिल्यावर घोड्याचं चित्र होतं, आत गाईचं कॅल्शियम. दुसऱ्यावर नऊ वनस्पतींची नावं होती, एकीचंही प्रमाण नव्हतं. तिसऱ्यावर सांध्यांसाठीची ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, एमएसएम, एका चमच्यात कोणतं किती आणि घोड्याच्या वजनाला किती चमचे, सगळं छापलेलं होतं.

"ताई, सोनं घेताय का?" दुकानदार म्हणाला. "मागं लाइन लागलीय."

"सोनं घेताना एवढं वाचत नाही, भाऊ."

तिसरा डबा घेतला. घरी आबांनी झाकण उघडून वास घेतला.

"तुझ्या कंपनीत पास झाली व्हय ही?"

"झाली."

"आन् घोडी?"

"तिला अजून तपासलं नाही."

दोघंही हसलो. ते हसणं इथे लिहावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले.

कोंड्यात कालवलेली पावडर घोडीनं फुंकून उडवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मला कामावर जायची घाई होती. "आबा, ती पोटात गेली पाहिजे. कशातूनही द्या."

"गुळातनं दिऊ?"

"गुळातून द्या की."

त्यांना ते मनापासून पटलं. घाटात पळून आलेल्या घोडीला ते ओंजळीनं गूळ चारायचे. खुराकापुढे औषध काय, असंच ते मानत. मग सकाळ-संध्याकाळ बाजरीचं पीठ आणि गूळ यांचा मुठीएवढा लाडू, त्याच्या आत पावडर. घोडी लाडू चाटूनपुसून खायची, आबांची चाहूल लागली की खिंकाळायची. मला बरं वाटलं. पाय सुधारत नव्हते, पण आठवडे भरले नव्हते.

एक गोष्ट मला दिसली होती. आखडलेला सांधा चार पावलं चालल्यावर मोकळा होतो, माझा होतो. हिला चालवलं की जास्त दुखायचं आणि डांबरावर तर ती पाऊलच टाकायची नाही. कंपनीत एवढ्यावरून मी मालाची आख्खी गाडी परत पाठवली असती. घरी मी आठवडे मोजत बसले.

त्या गुरुवारी डॉक्टर अकराला आले. गुडघ्याला हात लावण्याआधी त्यांनी दोन्ही पुढच्या खुरांवर तळवे ठेवले. मग मला म्हणाले, "ताई, तुम्ही पण ठेवा." खूर गरम होते. सात आठवड्यांत मी तिच्या खुराला एकदाही हात लावला नव्हता.

आबांना कमी ऐकू येतं, म्हणून डॉक्टरांनी ओरडून विचारलं, "बाबा, खायला काय देता?"

"भुसा, बाजरी. आन् दोन टाइम गुळाचा लाडू," आबा अभिमानानं म्हणाले. "त्यातनंच औशीद. येक कण सांडत न्हाई."

डॉक्टर मला फाटकापाशी घेऊन गेले. दुखणं सांध्याचं नव्हतंच, खुराचं होतं. खुराच्या आत सूज येऊन हाड खाली सरकलं होतं. म्हाताऱ्या घोडीला गोड बाधतं. सुरुवात आधीच झाली असेल, गुळानं ती वाढवली. पावडर चांगली होती, तिचा या दुखण्याशी संबंध नव्हता.

"उभी राहील?"

"नाही, ताई. ठेवली तर हाल होतील." मग म्हणाले, "बाबांना गुळाचं सांगू का?"

"नको."

आबांना मी म्हातारपण सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि घोडीचं डोकं मांडीवर घेतलं. इंजेक्शन दुपारी दिलं. कंपनीच्या भिंतीलगत आमची जेवढी जागा उरलीय, तिथे खड्डा काढला. तिच्या पापण्यांवरचा भुसा आबा एकेक काडी करून काढत राहिले. जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं आणि खाली उतरून उभा राहिला. मी गोठ्यामागे जाऊन तोंडात पदर कोंबला. माझी आई गेली तेव्हाही मी अशी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकला. आबा टोपी घालून ओट्यावर बसले होते, म्हणाले, "डबा दिऊन आलो काल सांच्याला."

"कुणाला?"

"वरच्या वस्तीवर. त्यांची घोडी बी आखडलीय. म्हनलं, गुळातनं द्या, लगीच खाती."

मी गॅस बंद केला. माझी पहिल्या शिफ्टची बस कोपऱ्यावर हॉर्न देऊन निघून गेली. आबांच्या समोर जाऊन बसले. हळू बोलून भागत नव्हतं, शेजारपाजारला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगावं लागलं.

"आबा, म्हातारपणानं नाही. गुळानं झालं. गुळातून द्या, असं मीच म्हटलं होतं."

त्यांनी कानाला हात लावला. मी ते पुन्हा ओरडून सांगितलं.

"सांद्याचं न्हवतं?"

"नव्हतं. खुराचं होतं."

"आन् रोज हाक मारायची मला," ते म्हणाले. "लाडवासाठी."

ते उठले, चपला घातल्या आणि माझ्या स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले.

आम्ही वरच्या वस्तीवर पोचलो तसा तिथला गाडामालक बाहेर आला. "या आबा, बसा, चहा घ्या."

आबा स्कूटरवरून उतरलेच नाहीत. "गूळ दिऊ नगा तिला," ते म्हणाले. "माझी गुळानं गेली."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. आबांकडे पाठ करून मी त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरांचा नंबर दिला आणि त्याची घोडी डांबरी रस्त्यावर चालवून दाखवायला लावली.