तक्त्यातला एक रकाना

क्योतोच्या विद्यापीठात मी डॉक्टरेट करत होतो. प्राचीन ग्रीक शहरांत गाण्यासाठी लहान, छप्पर असलेली सभागृहं असत. त्यांना ओडिऑन म्हणत. दगडी पायऱ्या काही ठिकाणी अजून दिसतात, लाकडी छपरं केव्हाच गेली. त्या छपराखाली गाणं कसं ऐकू येत असेल, हे मला एक दशांश आकाराची प्रतिकृती बांधून शोधायचं होतं.

त्यासाठी प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत घेतलेला गाता आवाज हवा होता. मी बायकोला नेलं. ती पुण्यात बाईंकडे अकरा वर्षं गाणं शिकली होती. इथे क्योतोत घराच्या भिंती पातळ, म्हणून बाईंनी दिलेला तंबोरा गवसणीतच राहिला होता. त्या खोलीत उशीत तोंड खुपसून गायल्यासारखं वाटतं, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली. तरी तीन आठवडे रोज सकाळी सायकलवरून येऊन, मी सांगेन तो तुकडा पुन्हा पुन्हा गायली. प्रतिकृती दहापट लहान, त्यामुळे आवाज दहापट वेगाने वाजवावा लागे. तो डासासारखा ऐकू आला तेव्हा लॅबमधली मुलं हसली. मीही हसलो. ती दारात उभी होती.

जपानीत लिहिलेल्या प्रबंधात आवाजाच्या माहितीचा तक्ता होता: वय, संगीतशिक्षण, संस्था, प्रमाणपत्र. बाईंनी कधी कुणाला कागद दिला नव्हता. प्राध्यापकांना हे समजावत कोण बसणार, म्हणून मी लिहिलं, ‘संगीतशिक्षण नाही’. आभारांत प्रतिकृती करणारा सुतारसुद्धा होता. घरच्या माणसाचे आभार काय मानायचे, असं मला वाटलं.

ती जपानी शिकत होती. तेवढी अक्षरं तिला वाचता येतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. एका रविवारी दुपारी तिने त्या रकान्यावर बोट ठेवलं.

“अहो, हे बाईंनी वाचलं तर?”

एवढ्याशा रकान्याचं काय, कोण वाचतंय, असं म्हणून मी पान उलटलं.

पदवी मिळाली. पुण्याला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ती तंबोरा घेऊन बाईंकडे गेली. रिक्षातून उतरवायला मी सोबत होतो. तंबोरा परत का करतेस, असं बाईंनी विचारलं.

“मी शिकलेच नव्हते असं समजा,” ती म्हणाली.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. खरं काय ते तिथेच सांगता आलं असतं. मी रिक्षा थांबली आहे एवढंच म्हणालो.